व्हॉल्व्ह बदलण्याआधी

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बिघडला की पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो. तो कधी ना कधी झिजणार हे सगळ्यांना ठाऊक असते आणि सोल्डरला हात न लावता तो काढता-घालता येतो, म्हणून थेट नवी जोडी मागवली जाते. आवाज परत येतो. काही दिवसांनी नवा व्हॉल्व्हही लाल होतो किंवा मुका पडतो आणि दोष हल्लीच्या मालावर ढकलला जातो. खरे तर कित्येकदा पहिला व्हॉल्व्ह आपणहून गेलेलाच नसतो. शेजारचा एखादा स्वस्त कंडेन्सर गळत असतो. त्याने पहिला व्हॉल्व्ह संपवलेला असतो आणि तोच दुसराही संपवतो. म्हणून या लेखात माझा भर एकाच गोष्टीवर आहे: व्हॉल्व्ह स्वतः गेला आहे की त्याला दुसरे कोणी घालवत आहे, हे पैसे खर्च करण्याआधी ओळखणे.

उदाहरणासाठी एक नेमकी रचना समोर ठेवू. १९५०च्या दशकात मलर्ड कंपनीने ‘५-१०’ नावाचे सर्किट प्रसिद्ध केले. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट. सुरुवातीला ईएफ८६, मग ईसीसी८३, शेवटी ईएल८४ची जोडी आणि वीजपुरवठ्यासाठी ईझेड८० किंवा ईझेड८१ हा रेक्टिफायर. घरगुती हाय-फायचे असंख्य ॲम्प्लिफायर याच घराण्यातले आहेत. गिटारच्या बऱ्याच ॲम्प्लिफायरांतही ईएल८४ असतो, जुन्या मोठ्या रेडिओंमध्ये तो एकटा असतो. तुमच्याकडे ईएल३४ किंवा ६एल६ असतील तर पिनांचे क्रमांक आणि आकडे बदलतील, विचार करण्याची रीत तीच राहील.

आधी धोक्याबद्दल, आणि हा भाग कृपया वगळू नका. या यंत्रात ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो. प्लग काढल्यानंतरही तो फिल्टर कंडेन्सरांमध्ये साठून राहतो आणि माणूस मारण्याइतका असतो. चेसिस उलटी करण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढा, काही मिनिटे थांबा. मग १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स चांगल्या इन्सुलेशनच्या वायरींना जोडून कंडेन्सरचे धन टोक त्यातून चेसिसला टेकवा. काही सेकंदांनी मीटर लावून पाहा. रेझिस्टन्स काढल्यावर व्होल्टेज थोडे परत चढते, म्हणून पुन्हा एकदा मोजा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची पद्धत दुकानांत दिसते, ती उचलू नका. त्यात कंडेन्सर आणि डोळे दोन्ही जायची भीती असते.

चालू यंत्रावर मोजायचे झाले तर काळी वायर प्लग काढलेला असतानाच मगरचिमट्याने चेसिसला लावा. लाल वायरला हुकाची क्लिप असेल तर तीही बंद यंत्रावरच पिनेला अडकवा, मग वीज द्या, आकडा वाचा, वीज बंद करा. सुटे टोक हातात धरून मोजावेच लागले तर दुसरा हात पाठीमागे ठेवा. पायाखाली कोरडी फळी आणि घरात दुसरे माणूस हवे. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर हे काम करू नका.

स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र कधीही चालू करू नका. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला स्पीकर नसला तरी सहसा चालते. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला भार नसताना सिग्नल मिळाला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत इतके व्होल्टेज उसळते की आतले इन्सुलेशन फुटू शकते. व्हॉल्व्ह बाजारात मिळतो, जुना चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. टेस्टिंगसाठी स्पीकरऐवजी ८ ओहम, २५ वॅटचा रेझिस्टन्स जोडला तरी चालेल.

जुन्या रेडिओवाल्यांसाठी वेगळी सूचना. व्हॉल्व्हांची नावे ‘यू’ने सुरू होत असतील (यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५), तर तो सेट एसी-डीसी प्रकारचा आहे. त्यात मेन्स वेगळी करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चेसिस विजेच्या एका तारेला थेट जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर चेसिसवर फेज येते. वर दिलेली मोजण्याची रीत अशा सेटवर वापरू नका. तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेल्या माणसाकडे न्या. घरी करण्याजोगे एकच काम आहे. या सेटमध्ये सगळी फिलामेंट एकामागोमाग सिरीजमध्ये असतात, त्यामुळे एक तुटले की सगळा सेट अंधारात जातो. प्लग काढून व्हॉल्व्ह एकेक करून बाहेर घ्या आणि मीटरने प्रत्येकाचे फिलामेंट सलग आहे का ते तपासा. तुटलेला लगेच सापडतो.

डोळे आणि कान

मीटर उचलण्याआधी खोलीतला दिवा मंद करा आणि नुसते बघा. काचेच्या आत, बहुधा शेंड्याला, चंदेरी आरशासारखा डाग असतो. आत राहिलेला वायू शोषून घेण्यासाठी घातलेले ते बेरियम. तो डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह संपला, पुढची तपासणी करायची गरज नाही. डाग कडेने तपकिरी पडला असेल, आकसला असेल, तर व्हॉल्व्ह खूप चाललेला आहे, पण गेलेला असेलच असे नाही.

निळा प्रकाश पाहून पुष्कळजण घाबरतात. काचेच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून दिसणारी, गाण्याबरोबर थोडी हलणारी निळी झाक निरुपद्रवी आहे. इलेक्ट्रॉन काचेवर आदळून ती उमटते. दोन धातूंच्या मधल्या जागेत जांभळट-गुलाबी धुके भरलेले दिसले तर मात्र आत वायू आहे. तो व्हॉल्व्ह काढा.

फिलामेंटचा नारिंगी उजेड आणि प्लेटचा लालपणा यांतही गल्लत होते. फिलामेंट मधल्या नळीत असते, त्याचा उजेड वरून-खालून डोकावतो आणि तो हवाच. बाहेरच्या करड्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर किंवा ॲनोडवर, लाल चट्टा दिसू लागला तर त्या क्षणी स्विच बंद करा. पाच मिनिटे बघू म्हणू नका. तेवढ्यात व्हॉल्व्ह तर जातोच, रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. आणि अशा वेळी लगेच नवा व्हॉल्व्ह खोचू नका, कारण लाल प्लेटचे मूळ बहुधा व्हॉल्व्हच्या बाहेर असते. त्याकडे पुढे येतो.

कानाला काय ऐकू येते तेही नीट ओळखा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. खर्जातली मऊ गुणगुण ५० हर्ट्झची असेल तर फिलामेंट आणि कॅथोड यांच्यामधली गळती, किंवा ग्रिडच्या वायरीचे अर्थिंग सुटलेले, असा संशय घ्यावा. तिच्या वरच्या सप्तकातली, जरा करकरीत गुणगुण १०० हर्ट्झची असते. ती फिल्टर कंडेन्सर वाळल्याची खूण असते, किंवा जोडीतला एक व्हॉल्व्ह दुबळा होऊन समतोल गेल्याची. सुक्या पानांवर चालल्यासारखी खरखर व्हॉल्व्हमधून येते, मळलेल्या सॉकेटमधून येते आणि ईसीसी८३च्या ॲनोडच्या जुन्या कार्बन रेझिस्टन्समधूनही येते. आवाज वाढवला की ॲम्प्लिफायर स्वतःच शिट्टी घालू लागला, तर पहिल्या टप्प्यातला व्हॉल्व्ह मायक्रोफोनसारखा वागतो आहे असे समजा. यंत्र चालू ठेवून लाकडी पेन्सिलच्या रबरी टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हला हलकी टिचकी द्या. पहिल्या टप्प्यात थोडासा ‘टण’ येणे स्वाभाविक आहे. घंटेसारखा घुमत राहिला किंवा खरखर उसळली, तर गुन्हेगार तोच, किंवा त्याचे सॉकेट.

सॉकेटवर मी मुद्दाम थांबतो, कारण मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत निम्मी भांडणे तिथेच मिटतात. यंत्र बंद आणि रिकामे करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर सरळ वर उचला, अगदी थोडा गोल डोलवत. एका बाजूला कलवून ओढला तर नऊ पिनांच्या व्हॉल्व्हची तळाची काच तडकते. मोठे, आठ पिनांचे व्हॉल्व्ह काच धरून नाही, खालचा बेकलाइटचा तळ धरून काढायचे. पिनांना आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा काँटॅक्ट क्लीनर लावा, व्हॉल्व्ह चार-पाच वेळा आत-बाहेर करा, सैल पडलेल्या पाकळ्या सुईने हलकेच आवळा, आणि पूर्ण सुकू द्या. काचेवरचे छापील अक्षर मात्र ओल्या फडक्याने पुसू नका. जुन्या व्हॉल्व्हांवरची शाई बोटानेही निघते आणि मग तो कोणता होता हेच कळत नाही.

अदलाबदल

स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल तर तुमच्याकडे सर्वांत चांगले टेस्टिंगचे यंत्र आधीच आहे: दुसरा चॅनेल. डावीकडे खरखर असेल तर डावा-उजवा ईसीसी८३ आपसात बदला. खरखर उजवीकडे गेली तर व्हॉल्व्ह दोषी. डावीकडेच राहिली तर व्हॉल्व्ह निर्दोष, सर्किट बघा. एका वेळी एकच जोडी हलवा, आणि कोणता व्हॉल्व्ह कुठला हे आधी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. दोन जोड्या एकदम हलवल्या की निष्कर्ष काढता येत नाही.

या पद्धतीला एक अपवाद आहे. लाल झालेला किंवा फ्यूज उडवणारा व्हॉल्व्ह चांगल्या चॅनेलमध्ये नेऊ नका. त्याच्या आत शॉर्ट असेल तर तिकडचा कॅथोडचा रेझिस्टन्सही जळेल आणि एकाचे दोन बिघाड होतील.

फ्यूज उडत असेल तर सिरीज बोर्ड काढा. तारेचा जुना १०० वॅटचा बल्ब मेन्सच्या वाटेत सिरीजमध्ये. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून वीज द्या. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ट्रान्सफॉर्मर आणि फिलामेंटची वायरिंग ठीक. मग आउटपुट व्हॉल्व्ह काढून रेक्टिफायर घाला. आता तो तापल्यावर बल्ब लख्ख झाला तर रेक्टिफायर किंवा फिल्टर कंडेन्सर. तेही ठीक असेल तर आउटपुट व्हॉल्व्ह परत घालून बघा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून लावणे म्हणजे ट्रान्सफॉर्मरलाच फ्यूज बनवणे. वर्षानुवर्षे बंद पडलेले यंत्रही पहिल्यांदा या बोर्डावरच जागे करा. डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज चढवण्याचा सल्ला दिला जातो, पण रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल तर कमी व्होल्टेजवर तो तापतच नाही आणि कंडेन्सरांपर्यंत काही पोचत नाही. मग तो एकदम तापतो आणि सगळे व्होल्टेज एकदम येते.

पाच ठिकाणी मीटर

आता मुख्य तपासणी. ईएल८४च्या पिना खालून बघताना, मोठ्या फटीपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या. २ म्हणजे ग्रिड, ३ कॅथोड, ४ आणि ५ फिलामेंट, ७ ॲनोड, ९ स्क्रीन. या पाच जागांवरून जवळजवळ सगळे कळते.

४ आणि ५च्या मध्ये ६.३ व्होल्ट एसी हवा. जुने यंत्र २२० व्होल्टांसाठी गुंडाळलेले असेल आणि तुमच्या घरी रात्री २५० येत असतील, तर हाच आकडा ७च्या पुढे जातो. सतत ६.६च्या वर असेल तर व्हॉल्व्हांचे आयुष्य तिथेच घटते आहे. मागे व्होल्टेजची निवड असेल तर ती २४० किंवा २५०वर करा, नसेल तर डिमरस्टॅटने मेन्स उतरवा. हे न करता महागडे व्हॉल्व्ह घेऊ नका.

७ आणि ९वर डीसी हवा, साधारण ३००च्या आसपास, दोन्ही व्हॉल्व्हांवर जवळपास सारखा. ९वर काही नसेल तर स्क्रीनचा रेझिस्टन्स जळालेला आहे. असा व्हॉल्व्ह दुबळा वाटतो आणि उगाच फेकला जातो. उलट ९वर व्होल्टेज आहे आणि ७वर नाही, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची एक बाजू तुटली आहे. ॲनोडला काही मिळत नाही म्हणून सगळा करंट स्क्रीनकडे धावतो आणि आतली बारीक तारेची जाळी लाल होते. इथे कितीही नवे व्हॉल्व्ह घाला, एकामागून एक मरतील.

३वर, म्हणजे कॅथोडवर, किती व्होल्टेज आहे ते सर्वांत बोलके. पुश-पुल जोडीत प्रत्येक ईएल८४ला २७० ओहमचा स्वतंत्र रेझिस्टन्स असला आणि पुरवठा ३०० व्होल्टांचा असला, तर इथे पावणेअकरा व्होल्टांच्या आसपास यायला हवे. भागाकार केला की करंट मिळतो: १०.८ भागिले २७० म्हणजे ४० मिलिअँपिअर. त्यातले सुमारे ३६ ॲनोडचे. ॲनोड आणि कॅथोड यांच्यातल्या २८९ व्होल्टांनी गुणले की साडेदहा वॅटच्या खाली. ईएल८४ची मर्यादा १२ वॅट, म्हणजे तो सुखात आहे. एका व्हॉल्व्हवर १८ व्होल्ट दिसले तर करंट ६६ मिलिअँपिअरच्या पुढे, आणि ॲनोड सोळा-सतरा वॅट झेलतो आहे. तो लाल होणारच. एकावर ३ व्होल्ट आणि शेजाऱ्यावर ११, तर तीनवाला कमजोर. पण ७ आणि ९ आधी तपासले असतील तरच हे म्हणता येते.

कॅथोडवर शून्य आले तर घाई करू नका. फिलामेंट विझलेले, व्हॉल्व्ह गार, तर तो मेला. पण प्लेट लाल आणि कॅथोड शून्य, तर कॅथोडला जोडलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर शॉर्ट आहे. आणि तिथे तीस-चाळीस व्होल्ट दिसले, आवाज मेलेला, तर कॅथोडचा रेझिस्टन्स तुटलेला आहे. तिन्ही वेळा रेझिस्टन्सची किंमत प्रत्यक्ष मोजा, अर्थात वीज बंद असताना. दमट हवेत जुने कार्बन रेझिस्टन्स फुगतात, २७० लिहिलेला ३५० भरतो आणि सगळी गणिते चुकतात.

राहिली पिन २, ग्रिड. ग्रिड म्हणजे करंटच्या नळाची चावी. इथे डीसी शून्य हवा. आधीच्या टप्प्यातला सव्वाशे-दोनशे व्होल्टांचा डीसी एक कपलिंग कंडेन्सर अडवून धरत असतो आणि फक्त संगीत पुढे सोडत असतो. जुने कागदी कंडेन्सर ओल धरून गळू लागले की थोडा धन व्होल्टेज ग्रिडवर झिरपतो, नळ जास्त उघडतो, करंट वाढतो, प्लेट लाल होते. ग्रिडवर धन १-२ व्होल्ट दिसले तर पुढची एक परीक्षा करा. माझ्या मते सगळ्या विषयात तिच्याइतकी सुबक परीक्षा दुसरी नाही. वीज बंद करा, तो एक व्हॉल्व्ह काढा, पुन्हा वीज देऊन थोडा वेळच त्याच रिकाम्या सॉकेटच्या पिन २वर मोजा. व्होल्टेज अजून आहे? मग ते कंडेन्सरमधून येते आहे, व्हॉल्व्ह निर्दोष. व्होल्टेज नाहीसे झाले? मग ते व्हॉल्व्हच्या आतून येत होते, त्यात वायू आहे, तो बदला. कंडेन्सर निघाला तर त्याच किमतीचा ६३० व्होल्टांचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन लावा, आणि एक बदलता तर त्याच्या जोडीचाही बदला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो किरकोळ पैशांत मिळतो.

ईसीसी८३ची तपासणी सोपी आहे. १०० किलोओहमचा ॲनोड रेझिस्टन्स आणि दीड किलोओहमचा कॅथोड रेझिस्टन्स असेल, तर पिन ३ आणि ८वर १ ते १.५ व्होल्ट यावेत. याचे फिलामेंट इतके आत असते की कधी पेटलेले दिसतच नाही. बोटाच्या टोकाने काच कोमट लागते का ते बघा. आउटपुट व्हॉल्व्हला असा हात लावू नका, भाजते.

घ्यायचा झालाच तर

सगळे करून व्हॉल्व्हच गेला असे ठरले तर नाव नीट वाचा. युरोपीय नावात पहिले अक्षर फिलामेंट सांगते: ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरची सिरीज. म्हणून ईएल८४च्या जागी यूएल८४ चालत नाही, त्याचे फिलामेंट ४५ व्होल्टांचे आहे. अमेरिकी नावे वेगळी, वस्तू तीच: ईएल८४ म्हणजे ६बीक्यू५, ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७, ईएल३४ म्हणजे ६सीए७. ईसीसी८१ आणि ईसीसी८२च्या पिना ईसीसी८३सारख्याच असतात, पण त्यांची वाढवण्याची ताकद वेगळी. बसतात म्हणून घालू नका.

नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एकेकाळी बनलेले ईएल८४ जुन्या साठ्यांतून अजून निघतात. न वापरलेला मिळाला तर आनंदाने घ्या, पण चंदेरी डाग बघून आणि परत देण्याची मुभा ठेवून. पुश-पुलसाठी जुळवलेली जोडीच मागा. ईसीसी८३साठी जुळवणीचे जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

नवी जोडी बसवली की पहिला अर्धा तास समोरून उठू नका. व्हॉल्व्ह नुकते तापल्यावर, पंधरा मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने कॅथोडचे व्होल्टेज लिहा. आकडा चढतच राहिला तर ग्रिडकडे परत जा. स्थिर राहिला तर तेच आकडे, तारखेसकट, चेसिसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. आणि काढलेल्या जुन्या जोडीत एक व्हॉल्व्ह चांगला असेल, तर त्याच्यावर ‘चांगला’ आणि तारीख अशी चिठ्ठी लावून डब्यात कापसात ठेवा. पुढच्या वेळी संशय आला की अदलाबदलीसाठी खात्रीचा व्हॉल्व्ह हाताशी असेल.